बावन्न वर्षांचा डिप्लोमावाला आणि मी

मी केलेल्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालावेत, पोरांनी क्रिकेट खेळावं, कोजागरीला दूध आटवावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त भोक पाडू नये. एवढी एकच गोष्ट मी चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. प्रत्येकानं मान डोलावली आणि बहुतेकांनी पुढं कधीतरी भोक पाडलं.

माझा धंदा कोब्याचा. स्लॅब टाकली की गच्ची झाली असं लोकांना वाटतं. तसं नसतं. स्लॅब पाणी पिते. तिच्यावर विटांचे तुकडे एकेक करून हातानं लावायचे, पाणी निघून जाईल असा उतार काढायचा, मधल्या सांदी सिमेंटच्या मालानं भरायच्या, वरून घोटून गुळगुळीत करायचं आणि ओलं आहे तोवर ताणलेल्या दोरीनं चौकडे मारायचे. मग मातीची पाळ, म्हणजे बुटका बांध, घालून आठ दिवस गच्चीवर पाणी भरून ठेवायचं. खालच्या छताला ओल आली नाही तर तुम्ही पास. शाळेतली परीक्षा मी चौथीपर्यंत दिली. ही परीक्षा चाळीस वर्षं देतोय आणि एकदाही नापास झालो नाही, असं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत छाती पुढं काढून सांगत होतो.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आमचा हंगाम शिमग्यापासून मिरगापर्यंत. शिमगा झाला, पाडवा झाला, तरी एक गच्ची हातात नव्हती. पूर्वी काम कसं यायचं? कोथरूडला एका बाईंची गच्ची केली की त्यांची बहीण पलीकडच्या गल्लीतून निरोप पाठवायची, बहिणीचे दीर त्यांच्या साहेबांना सांगायचे. कागद नाही, काही नाही. "गेल्या पावसाळ्यात गळलं नाही" एवढं एक वाक्य घरोघर फिरायचं आणि त्याच्या मागोमाग मी. आता सोसायट्या म्हणतात, एजन्सीतर्फे या. एजन्सी म्हणजे काय, तर जिला कोबा कशाशी खातात ते माहीत नाही, पण कोबावाला कसा असावा ते पक्कं माहीत आहे, अशी जागा.

आम्ही वारज्याचे. वारजं गाव होतं तेव्हापासूनचे. घरची माणसं अजून गावातल्यासारखीच बोलतात आणि गावातल्यासारखंच तोंडावर बोलतात. एक दिवस भाकरी थापता थापता घरची म्हणाली, "अवो, एकाहत्तर सरलं. कोन बोलवत न्हाई तर गप घरी ऱ्हावा की."

"बोलवतील."

"कवा? मी गेल्यावर?"

तिनंही माझ्याबरोबर वीस वर्षं गच्च्यांवर घमेली वाहिलीत. तिला धंद्यातलं सगळं कळतं, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. शेवटी तिनंच ठरवून टाकलं. या उन्हाळ्यात एक तरी गच्ची मिळाली, तर ती पुन्हा बोलणार नाही. नाही मिळाली, तर थापी माळ्यावर जायची आणि मी लेकीकडं जाऊन तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. मी हो म्हणालो. एकदा हो म्हणालो की मी मागं फिरत नाही, हा माझा दोष आहे आणि तो तिला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी तिनं स्टूल घेऊन माळ्यावर थापीपुरती जागा पुसून ठेवली.

माझ्याकडं एक मुकादम आहे. वाशीमकडचा, बारा वर्षं माझ्याबरोबर. त्याच्या हातालाही काम नव्हतं. त्याला कुणीतरी वॉचमनची जागा दाखवली होती. "बाबा," तो म्हणाला, "तुमी थापी ठेवली तर म्या काय करू जी? शिट्टी वाजवत बसू काय गेटावर?" म्हणजे थापी एक, पण माळ्यावर जाणार दोघं.

म्हणून मी एजन्सीत गेलो.

कोथरूडला एका इमारतीत वरच्या मजल्यावर क्लास होता, त्याच्या खाली एजन्सी. दारावर पाटी: 'वॉटरप्रूफिंगचे वीस काँट्रॅक्टर तातडीने पाहिजेत.' मला बरं वाटलं. आत टाय लावलेला एक तरुण एजंट. बोलायला गोड. मला काका म्हणाला, पाणी दिलं.

"काका, वय?"

"एकाहत्तर."

कीबोर्डवरची त्याची बोटं थांबली. "बरं. शिक्षण?"

"चौथी."

"अनुभवाचा दाखला?"

त्याच्या मागं खिडकी होती. मी म्हणालो, "जरा मागं बघा. ती समोरची गच्ची, टाकीपाशी निळी बादली दिसतेय ना, ती माझी. तिच्या पलीकडची पण माझी."

त्यानं मागं पाहिलंसुद्धा नाही. "तसं नाही काका. लेटरहेडवर पाहिजे."

"गच्चीला लेटरहेड नसतं."

"तुमचं प्रोफाइल तसं स्ट्राँग आहे," तो म्हणाला, "फक्त पॅकेजिंग करावं लागेल."

"मी काय बिस्किटाचा पुडा आहे?"

तो हसला. मग त्यानं माझ्या दहा जुन्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर मागितले. म्हणे, चौकशी करावी लागते. नंबर मला तोंडपाठ. एकेक सांगत गेलो आणि तो टिपत गेला. दहाच्या दहा. हा माझा गाढवपणा.

आठवड्यानं एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. "अहो, तुम्ही बरे आहात ना? एजन्सीचा फोन आला होता. म्हणाले, तुमच्या नेहमीच्या माणसाचं वय झालं, आमचा माणूस पाठवतो. आला पण तो. गच्चीवर उभं राहून विचारतोय, उतार कुठल्या बाजूला आहे!"

मी तडक एजन्सीत. "माझ्याच गिऱ्हाइकांना दुसरा माणूस?"

"काका, तो आमच्या प्रोसेसचा भाग असतो."

"आणि ही दारावरची पाटी? वीस जण तातडीनं कुठं पाहिजेत?"

"आत्ता तसं कुठं नाही. आम्ही डेटा गोळा करून ठेवतोय."

"म्हणजे लग्न ठरलेलं नाही, मुलगी बघितलेली नाही, आणि तुम्ही वीस वाढपी बोलावून दारात उभे केलेत."

बाकावर माझ्यासारखेच तिघंचौघं बसले होते, एक प्लंबर, एक रंगारी. ते मोठ्यानं हसले. प्लंबर म्हणाला, "बाबा, मी चार महिने वाढपी हाय इथं." मला वाटलं होतं, आता आपलं नाव इथून कायमचं कटलं. पण झालं उलटंच. चार दिवसांनी एजंटाचाच फोन. कोथरूडात एका सोसायटीची गच्ची आहे, सगळा जुना कोबा फोडून नवा करायचा आहे, उद्या इंटरव्ह्यूला या.

"इंटरव्ह्यूला येतो," मी म्हणालो, "पण मुलगा कुणासाठी बघताय ते आधी सांगा." त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला घेऊन बसनं गेलो. फाटकाशी उतरलो आणि माझे पाय थांबले. इमारतीचा रंग बदलला होता, झाडं वाढली होती, पण चार मजले आणि कोपऱ्यातला तो गोल जिना मी विसरणार नाही. या इमारतीची गच्ची मीच केली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. मुकादमाला मी काही बोललो नाही. आधी वर जाऊन बघू म्हटलं.

इंटरव्ह्यू पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. समोर सोसायटीच्या सेक्रेटरी. निवृत्त शिक्षिका. राहायला सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे गळतं ते त्यांच्याच डोक्यावर. सगळे त्यांना बाई म्हणत होते, मीही म्हणू लागलो. शेजारी आमचा एजंट टाय सरळ करत बसलेला. बाईंच्या हातात दोन कागद.

"बसा. तुम्ही बावन्न वर्षांचे?"

मी मागं वळून बघितलं.

"तुम्हालाच विचारतेय."

"एकाहत्तर, बाई."

"इथं बावन्न लिहिलंय. स्थापत्याचा डिप्लोमा. इंग्रजी अस्खलित." त्यांनी दुसरा कागद वर घेतला. "आणि हा दुसऱ्या एजन्सीचा. फोटो हाच. वय सत्तावन्न, आखातात सहा वर्षं काम. या दोघांपैकी आज कोण आलंय?"

एजंटाला खोकला आला. माझ्या मागून "अरे बाप्पा!" असं ऐकू आलं. मी मुकादमाकडं बघितलं. तो खाली बघत होता. काम मिळेना म्हणून त्यानंच मला न सांगता दुसऱ्या एका एजन्सीत माझं नाव घातलं होतं. "फोटू म्याच देला जी," तो पुटपुटला. "पण तुमाले दुबईले म्या नाई धाडलं."

आता एजंटाला कंठ फुटला. "मॅडम, एकच कँडिडेट दोन एजन्सीतर्फे आला, की पॉलिसीप्रमाणे दोन्हीकडून बाद होतो."

"छान," बाई म्हणाल्या. "म्हणजे एखाद्या मुलानं दोनदा हजेरी दिली, तर त्याची गैरहजेरी मांडायची. शाळेत आम्हाला हे सुचलं नाही." मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही खरं काय ते सांगा. शिक्षण?"

"चौथी."

"पूर्ण?"

"पूर्ण. पाचवीच्या वर्गातही पंधरा दिवस बसलो, पण ते मी धरत नाही."

"आणि अनुभवाचा दाखला?"

"तो वर आहे, बाई. चार मजले चढावे लागतील."

चढलो. मी पुढं. गुडघे कुरकुरत होते, पण मी कठड्याला हात लावला नाही. एजंट मागून बघत होता ना.

गच्चीवर आलो आणि बघितलं. उन्हापावसानं काळवंडलेली, पण चौकडे जसेच्या तसे. इतर लोक चौकडे फुटाच्या मापानं मारतात. माझे फुटाचे नसतात. एक वीत आणि तीन बोटं, माझ्या हाताची. मी उकिडवा बसलो, वीत टेकवली, तीन बोटं ठेवली. रेघेला रेघ. पुढच्या चौकड्यावर ठेवली, तीच गत. बाईंनी खालून कुणाकडून तरी फूटपट्टी मागवली आणि स्वतः मापलं. सव्वाअकरा इंच. चार ठिकाणी मापलं, चारही ठिकाणी सव्वाअकरा.

"म्हणजे ही गच्ची तुमची."

"माझी."

"मग गळतं तेही तुमचंच."

असं तोंडावर मला कुणी बोललं नव्हतं. मी विचारलं, "गळायला कधीपासून लागलं?"

"चार पावसाळे झाले."

"आणि ते?" मी सोलरच्या पाण्याच्या टाक्यांकडं बोट दाखवलं. लोखंडी पायांवर उभ्या. प्रत्येक पाय कोब्यात भोक पाडून बोल्टानं आवळलेला.

बाईंनी बोटांवर मोजलं. "पाचएक वर्षं."

इथं एजंटानं मला बाजूला घेतलं. कानाशी म्हणाला, "काका, गप्प बसा. अख्खी गच्ची फोडायचं काम आहे, मोठं काम आहे. ड्युप्लिकेटचं मी बघतो मिटवायचं. फक्त सगळा कोबा खराब झालाय म्हणा. तुमचाच फायदा आहे."

खरं सांगतो, क्षणभर माळ्यावरची ती पुसून ठेवलेली जागा डोळ्यांपुढं आली. लेकीच्या गॅलरीतल्या कुंड्या पण आल्या. माझी गच्ची इथंच पायाखाली होती, हो म्हटलं की मिळाली. पण माझाच कोबा मीच फोडायचा, आणि तोही बावन्न वर्षांचा होऊन?

मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, कोबा चांगला आहे. फोडू नका. भोकं गळतायत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यांच्यावर तर नकोच. पाणी भरून बघू."

एजंट त्यानंतर थांबला नाही. जिना उतरताना तो फोनवर कुणाला तरी 'नॉट सुटेबल' म्हणत होता. मुकादम रस्ताभर माझ्या चार पावलं पुढं चालत राहिला. शेवटी बसस्टॉपवर फुटला. "अख्खी गच्ची भेटत होती जी! काहून बोलले तुमी? आता सहा भोकं बुजवाची, दोन दिवसांचं काम!"

"अकरा आहेत," मी म्हणालो. "मोजलीत."

पाणी भरायचं ठरलं. मी गच्चीचे पाळ घालून तीन भाग केले. पहिला मोकळा भाग, दुसरा सोलरचा, तिसरा मागच्या भिंतीकडचा. बोअरचं पाणी सोडलं. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी म्हटल्यावर सोसायटीत कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणीतरी कागद चिकटवला: 'गच्चीवर तळे तयार झाले आहे. नौकाविहार करणाऱ्यांनी आपापली नाव आणावी.' बाईंनी तो कागद काढला नाही. त्याखाली लिहिलं: 'तपासणीनंतर पाणी बागेला जाईल. ज्यांनी ते वाया जाते असे म्हटले, त्यांनी झाडांना घालायला यावे.' कुणी आलं नाही.

पहिला भाग तीन दिवस भरून ठेवला. खाली बाईंच्या घरात छत कोरडं ठणठणीत. ते पाणी पुढं काढून सोलरच्या भागात घेतलं. चार तासांत बाईंच्या बैठकीच्या खोलीत टपक, टपक. पंख्याच्या बाजूला दोन, दिवाणावर एक. बाईंनी पातेली मांडली. मी इतका खूश, की घर त्यांचं गळतंय हे विसरून "बघा!" म्हणून ओरडलो.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "टाळ्या वाजवू का?"

मला वाटलं झालं. मागच्या भिंतीकडं एकही भोक नव्हतं. मी म्हणालो, तिकडं भरायची गरज नाही. बाई म्हणाल्या, "दोन उत्तरं बरोबर आली म्हणून मी तिसरं न तपासता कधी सोडलं नाही." मुकादमानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, भर.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालाच्या गोण्या बघत होतो, तर बाई जिन्यातून म्हणाल्या, "जरा खाली या." आवाज नेहमीचाच. न्हाणीघरात नेलं. कोपऱ्यात, छत आणि भिंत मिळतात तिथं, एक थेंब लोंबत होता. पडेना. आम्ही तिघं माना वर करून त्याच्याकडं बघत उभे. बऱ्याच वेळानं पडला. मग दुसरा धरायला लागला.

कोबा जिथं भिंतीला मिळतो तिथं काटकोन ठेवत नाहीत, गोलाई देतात. आम्ही तिला वाटा म्हणतो. कोबा आणि वाटा एकाच दिवशी, एका ओलीत व्हायला पाहिजे. कोबा आज आणि वाटा उद्या केला, तर मधे सांधा राहतो. आज दिसत नाही, दहा वर्षं दिसत नाही, पण असतो.

त्या भिंतीचा वाटा दुसऱ्या दिवशी झाला होता. मला लख्ख आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी गावची जत्रा होती. दुपारनंतर कुस्त्या होत्या. मी कोबा घोटला, मागची भिंत तशीच सोडली, आणि कुस्त्या बघायला गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन वाटा मारला. त्यावेळी आठ दिवस पाणी भरलं, तेव्हा काही आलं नाही. मी पास झालो. आणि मग विसरून गेलो.

हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना कळलं नसतं. सोलरचं पाणी सरकत सरकत इकडं आलं असं म्हटलं असतं, तर मुकादमानंही मान डोलावली असती. तो तर माझ्या आधीच म्हणाला, "सोलरचंच असंन जी."

मी तिसऱ्या थेंबाची वाट बघितली. उगाच. तो पण पडला.

"नाही," मी म्हणालो. "बाई, हे माझं."

"काय म्हणालात?"

"ही चूक माझी आहे. इथला वाटा मी एक दिवस उशिरा केला."

"का?"

"कुस्त्या होत्या."

बाई वळल्या. आत गेल्या, चष्मा लावून परत आल्या. हातात तो एजन्सीचा कागद आणि पेन्सिल. न्हाणीघराच्या दारातच उभं राहून त्यांनी बावन्न खोडलं, एकाहत्तर लिहिलं. डिप्लोमा खोडून 'चौथी (पूर्ण)' लिहिलं. 'इंग्रजी अस्खलित' वर रेघ मारली. आणि अगदी खाली, जिथं एजंटानं 'उमेदवाराचे दोष: नाहीत' असं छापलं होतं, तिथं 'नाहीत' खोडून त्यांनी लिहिलं: 'कुस्त्या.'

"आता हा कागद फायलीत ठेवण्यासारखा झाला," त्या म्हणाल्या. "इथलं दुरुस्त करा. सोलरच्या टाक्या खाली उतरवून कोब्यावर सिमेंटचे ओटे बांधा, पाय त्यांवर उभे करा, भोकं बुजवा. आणि शेजारची दुसरी इमारत आमचीच आहे. तिच्या गच्चीवर कोबा कधी झालाच नाही, नुसती स्लॅब आहे. तीही तुम्हीच करा. मागच्या भिंतीचा वाटा त्याच दिवशी."

"त्या दिवशी जत्रा असली तरी?"

"असली तर मला सांगा. मी येऊन बसेन."

मुकादमानं तिथल्या तिथं न्हाणीघरातच माझ्या पायांना हात लावला. मी म्हणालो, उठ, फरशी ओली आहे.

काम सुरू झालं. तिसऱ्या दिवशी आमचे दोघांचे हात सिमेंटमध्ये, आणि माझा फोन वाजून बंद झाला. मुकादमानं कोपरानं उघडून मेसेज वाचला. एजन्सीकडून होता. आमच्या ग्राहकाच्या गच्चीच्या कामासाठी आपण पात्र ठरला नाहीत, निराश होऊ नका, प्रयत्न करत राहा. मी ज्या गच्चीवर बसलो होतो, तीच ती गच्ची. "करतोय म्हणावं," मी म्हणालो आणि थापी चालवली.

मग दोन्ही एजन्सींना कुठून तरी कळलं, की काम सुरू झालंय आणि माणूस तोच आहे. ज्यांनी मला बाद केलं होतं, ते आता माझ्यावरून भांडायला लागले. हा म्हणतो माणूस आमचा, तो म्हणतो आमच्याकडं आधी नाव आलं. एका दुपारी बाई गच्चीवर चहा घेऊन आल्या होत्या, तेव्हाच आमच्या टायवाल्याचा फोन आला. त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मॅडम, तुमच्याकडं काम करतोय तो आमचा कँडिडेट आहे. आम्ही पाठवलेला."

"तुम्ही पाठवलेला गृहस्थ बावन्न वर्षांचा आहे," बाई म्हणाल्या. "डिप्लोमा झालेला. तो अजून आलेला नाही. आला की कळवते." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "चहात साखर कमी वाटली तर सांगा."

एवढ्यानं माझं भागलं नाही. मी ते वाक्य त्या प्लंबरला फोन करून सांगितलं, त्यानं रंगाऱ्याला सांगितलं. आता त्या एजन्सीच्या बाकावर कुणी नवा बसला, की त्याला म्हणे आधी विचारतात, "तू कुठला? खरा, का कागदावरचा?" त्या प्लंबरनं मात्र अजून बाक सोडलेला नाही. दुसरीकडं जाऊन बसायला दुसरी एजन्सीच असते, असं तो म्हणतो.

घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. मी रुबाबात सांगितलं, "गच्ची मिळाली."

"नवी का जुनी?"

"जुनीची दुरुस्ती, आणि शेजारची अख्खी नवी."

"दुरुस्ती धरत न्हाई. नवी बघितल्याबिगर मानत न्हाई."

नव्या गच्चीवर पाणी भरलं, त्याच्या आठव्या दिवशी तिला घेऊन गेलो. चार मजले ती माझ्या आधी चढली. वाकून पाण्यात हात घातला, तळाचे चौकडे चाचपले, भिंतीकडं जाऊन वाट्यावर अंगठा फिरवला. मग खाली जाऊन वरच्या मजल्यावरच्या घराचं छत बघून आली. कोरडं. मीच मग तिला जुन्या गच्चीचं सगळं सांगून टाकलं. तो सांधा, तो थेंब, मी बाईंपुढं कबूल केलं ते. वाटलं, कौतुक करेल.

"कुस्त्यांचा दिस व्हय?" ती म्हणाली. "मी नव्हते का तवा घमेली वाहत? म्हनलं नव्हतं का तुम्हाला, वाटा मारून जावा? म्हनलात, तुला काय कळतंय."

मला हे खरंच आठवत नव्हतं. तिला मात्र मी त्या दिवशी कुठला सदरा घातला होता ते पण आठवत होतं.

बाई तिथंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग कोबावाल्या तुम्हीच. एजन्सीनं चुकीच्या माणसाचा फोटो लावला."

दोघी हसायला लागल्या आणि बराच वेळ हसत होत्या. मी पाण्याकडं बघत उभा राहिलो. मुकादमही हसत होता, पण पाठ फिरवून. तेवढा मान त्यानं ठेवला.

घरची ठरल्याप्रमाणं वागली. थापीबद्दल पुन्हा बोलली नाही. माळ्यावर पुसून ठेवलेल्या जागेत तिनं चकलीचा सोऱ्या ठेवलाय. मात्र आता कुठल्याही गच्चीचा वाटा मारायचा दिवस असला, की सकाळी डबा बांधताना विचारते, "आज कुस्त्या न्हाईत ना?"